अर्धी गाडी जोडायला शिकताना

अकरा वर्षं मी एकसंध ट्रक चालवला. पुढे केबिन, मागे हौदा, सगळं एकाच चेसिसवर. ती गाडी इतकी अंगवळणी पडली होती की आरशात न बघताही मागचा टायर कुठून जातोय ते मला कळायचं. मग आमच्याकडच्या गाड्या बदलल्या. ट्रेलर आले आणि मला सांगण्यात आलं, सहा आठवडे उस्तादांच्या हाताखाली राहायचं आणि ते हो म्हणतील तेव्हाच एकट्यानं गाडी बाहेर काढायची.

पहिल्या दिवशी उस्ताद मला यार्डाच्या टोकाला घेऊन गेले. तिथं एक भरलेला ट्रेलर घोड्याविना उभा होता. घोडा म्हणजे पुढचा इंजिनवाला भाग. ट्रेलरच्या मागच्या बाजूला तीन एक्सल, पुढच्या बाजूला चाकं नाहीत, नुसते दोन लोखंडी पाय. इतकी मोठी गाडी, वीसेक टन माल पोटात घेऊन, दोन पायांवर टेकून उभी.

"याला पुढची चाकं का नाहीत?" उस्तादांनी विचारलं.

"घोडा ओढतो म्हणून," मी म्हणालो.

"पुढं-मागं दोन्हीकडं चाकं असलेला ट्रेलरसुद्धा घोडाच ओढतो. हा नुसता ओढला जात नाही, घोड्याच्या पाठीवर बसतो. थोडं ओझं स्वतःच्या चाकांवर, थोडं घोड्याच्या. म्हणून याला सेमी म्हणतात. ही अर्धी गाडी आहे. उरलेली अर्धी तुला जोडायची आहे, आणि जोडली गेली की नाही ते तुलाच बघायचंय."

दोन चाकांच्या बैलगाडीचं जू बैलांच्या खांद्यावर असतं, तसंच हे. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली आणि पुढचं बरंच शिकणं सोपं झालं.

ट्रेलरच्या नाकाखाली, तळाच्या पोलादी पत्र्यातून एक जाडजूड खुंटी खाली आलेली असते. ती किंगपिन. मी वाकून पहिल्यांदा ती बघितली तेव्हा माझा विश्वास बसेना. एवढा ट्रेलर आणि एवढीशी खुंटी! तिची मान, म्हणजे जिथं घोड्याचा जबडा तिला धरतो तो भाग, जगभरातल्या बहुतेक ट्रेलरना फक्त २ इंच जाड असते. अवजड कामाच्या ट्रेलरना साडेतीन इंची पिन असते. माप ठरलेलं असल्यामुळे एका कारखान्याचा घोडा दुसऱ्या कारखान्याच्या ट्रेलरला लागतो. या एका मापावर किती मोठा धंदा उभा आहे ते मला नंतर समजलं.

घोड्याच्या पाठीवर जी ग्रीस लावलेली, मागच्या बाजूला खाच असलेली जाड पोलादी थाळी असते तिला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. ते चाकासारखं दिसत नाही. चार चाकी घोडागाड्यांना पुढचा आस वळावा म्हणून एक आडवं लोखंडी कडं बसवलेलं असे, त्याला पाचवं चाक म्हणत, आणि तेच नाव पुढे ट्रकला चिकटलं. थाळीच्या खाचेत किंगपिन शिरते, आतला जबडा तिच्या मानेभोवती मिटतो, आणि वरून कुलपाची पट्टी सरकते. उस्ताद याला एकच शब्द वापरायचे: "मान धरली." जबडा नीट मिटला असेल तर मान धरली, नाहीतर नाही. अर्धी धरली असं काही त्यांच्या भाषेत नव्हतं.

जोडण्याची पद्धत त्यांनी मला पहिल्या आठवड्यात दिवसातून दहा-बारा वेळा करायला लावली. घोडा ट्रेलरच्या सरळ रेषेत मागे न्यायचा आणि थाळी नाकाच्या अलीकडे असतानाच थांबायचं. खाली उतरायचं. ट्रेलरचे ब्रेक लागलेले आहेत ना, चाकांना ठोकळे आहेत ना, हे बघायचं. मग उंची. ट्रेलरचं नाक थाळीपेक्षा किंचित खाली हवं, म्हणजे घोडा आत शिरताना थाळी त्याला अलगद उचलते. नाक फार खाली असेल तर घोड्याच्या चेसिसचा आणि त्याचा मुका होतो. फार वर असेल तर किंगपिन जबड्याच्या वरून निघून जाते, आणि हेच सगळ्यात वाईट, कारण वरवर बघता गाडी जोडल्यासारखी दिसते. उंची चुकली असेल तर पायाचं हँडल फिरवून ट्रेलर वर-खाली करायचा. या हँडलला दोन गिअर असतात. एक भराभर फिरतो, पाय जमिनीपासून सुटलेले असतील तेव्हाचा. दुसरा मंद, ओझ्यासकट उचलायचा. मंद गिअरमध्ये हँडल पंचवीस वेळा फिरवलं तरी पाय जेमतेम दोन बोटं हलतो, आणि खांदे भरून येतात.

मग रांगतं मागे जायचं. खट्ट असा आवाज येतो. पहिला गिअर टाकून ट्रेलरचे ब्रेक लागलेले असतानाच हळूच पुढे ओढून बघायचं. घोडा अडला पाहिजे. इथवर सगळे करतात. उस्तादांचा खरा कटाक्ष पुढच्या पायरीवर होता. इंजिन बंद, हँडब्रेक वर, किल्ली खिशात. टॉर्च घेऊन ट्रेलरखाली शिरायचं, मागच्या बाजूनं खाचेत उजेड टाकायचा, आणि जबडा मानेभोवती मिटलाय हे डोळ्यांनी बघायचं. मग बाजूनं बघायचं, थाळी आणि ट्रेलरचा पत्रा यांच्यामध्ये फट आहे का. टॉर्चचा उजेड पलीकडे दिसला तर गाडी जोडलेली नाही.

त्यानंतर हवेचे पाइप. लाल पाइप ट्रेलरच्या टाकीत सतत हवा भरत राहतो, पिवळ्यातून मी ब्रेकवर पाय ठेवला की हुकूम जातो. काही ठिकाणी पिवळ्याऐवजी निळा असतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट या लाल पाइपाची आहे. मी समजत होतो की हवा ब्रेक लावते. ट्रेलरच्या पार्किंगच्या ब्रेकमध्ये उलटं असतं. आतली जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते, आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून ब्रेक सोडवते. म्हणजे पाइप तुटला, हवा गेली, तर ट्रेलर मोकाट सुटत नाही, जागच्या जागी जखडतो. ज्यानं हा विचार पहिल्यांदा केला त्यानं किती जीव वाचवले असतील!

पाइप झाले की दिव्यांची आणि एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जखडू न देणाऱ्या यंत्रणेची वायर. मग पाय पूर्ण वर उचलायचे, हँडल अडकवायचं, ठोकळे काढायचे, दिवे बघत गाडीला एक चक्कर मारायची. उस्ताद बरोबर चालायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "जबडा बघितलास?" मी हो म्हणालो की म्हणायचे, "काय दिसलं ते सांग." नुसतं हो त्यांना चालायचं नाही.

आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात ते घडलं.

संध्याकाळची वेळ होती. उस्ताद दुसऱ्या गाडीपाशी होते. मला एक ट्रेलर यार्डाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचा होता, फार तर तीनशे पावलांचं अंतर. आदल्या दिवशी जो घोडा तो सोडून गेला होता त्याची थाळी माझ्या घोड्यापेक्षा उंच होती, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर राहिलेलं होतं. मी उतरून बघितलं, पण उतरत्या उजेडात फरक लक्षात आला नाही. मागे गेलो, आवाज आला. ओढून बघितलं, घोडा अडल्यासारखा वाटला. एवढंसं तर जायचंय, म्हणून मी खाली वाकलो नाही. पाइप लावले, वायर लावली, पाय उचलले.

सरळ रस्त्यात काही झालं नाही. वळणावर मात्र पाठीमागून लोखंड खरवडल्याचा आवाज आला आणि आरशात ट्रेलरचं नाक मागे सरकताना दिसलं. घोडा पुढे, ट्रेलर मागे, मधल्या पाइपांची गुंडाळी ताणून सरळ झाली आणि फाट्‌कन तुटली. हवा सुटल्याचा आवाज आला, त्याबरोबर ट्रेलरची सगळी चाकं जखडली. नाक थाळीवरून घसरून चेसिसच्या टोकावर आपटलं आणि तिथून जमिनीवर. पाय वर उचललेले होते, त्यामुळे त्याला टेकायला काहीच नव्हतं.

माझ्या हातापायांतलं बळच गेलं. कुणाला लागलं नाही. पण त्या वळणापाशी रोज माणसं उभी असतात. मी केबिनमधून उतरलो तेव्हा जी जागा ट्रेलरच्या नाकाखाली आली होती तिच्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

उस्ताद आले. ओरडले नाहीत. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली आणि थाळीचा जबडा बघायला लावला. जबडा मिटलेला होता, पण रिकामा. किंगपिन त्याच्या डोक्यावर टेकून आत गेली होती, आणि मी ओढून बघितलं तेव्हा तिची कड कुठंतरी अडकल्यामुळं मला जोर लागल्यासारखा वाटला. "कानावर आणि ओढण्यावर विश्वास ठेवलास," ते म्हणाले. "दोन्ही फसवतात. डोळे फसवत नाहीत, पण त्यांना तिथंवर न्यावं लागतं." ट्रेलर उचलून परत पायांवर उभा करायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी तिथंच होतो, फळ्या आणि जॅक सरकवत.

मला हे लिहिताना अजूनही जड जातं. पण ट्रेलर चालवायला नव्यानं येणाऱ्या कुणालाही मी पहिली गोष्ट हीच सांगतो, कारण मला माहीत असूनही मी चुकलो होतो.

मागे घेण्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. जोडण्यापुढं मला ते कमी भीतीचं वाटतं, पण शिकायला जास्त वेळ लागला हे खरं. एकसंध ट्रकची शेपूट उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे. ट्रेलरची शेपूट उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी डावीकडे. कारण मधे सांधा आहे. घोड्याचा पार्श्वभाग डावीकडे सरकतो, नाकाला डावीकडे ढकलतो, आणि शेपूट उजवीकडे जाते. अकरा वर्षांची सवय माझ्या हातांत होती आणि ती प्रत्येक वेळी उलट खेचायची. उस्तादांनी एक युक्ती दिली: हात स्टिअरिंगच्या वर ठेवू नकोस, अगदी तळाशी धर. शेपूट ज्या बाजूला हवी त्या बाजूला हात ने. हे जमलं आणि निम्मी लढाई संपली.

उरलेली निम्मी म्हणजे ट्रेलर वळायला लागल्यावर त्याच्या मागे जाणं. एकदा कोन तयार झाला की तो आपोआप वाढत जातो. वेळेवर स्टिअरिंग उलट फिरवून घोडा त्याच्या मागे नेला नाही, तर केबिन ट्रेलरच्या कुशीत घुसते. चाकू मिटतो तसा. लांब ट्रेलर सावकाश उत्तर देतो, आखूड लगेच अंगावर येतो. म्हणून मागे घ्यायला आखूड ट्रेलर अवघड, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं. चौथ्या आठवड्यात एकदा मी गोदामाच्या माल चढवायच्या धक्क्याला ट्रेलर लावला आणि दोन्ही आरशांत ट्रेलरच्या दोन्ही कडा सारख्या दिसल्या. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या धक्क्याकडे हात केला.

पुढे जातानाही सांध्याचा हिशेब असतो. वळणावर ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या मार्गानं येत नाहीत, आतून कापत येतात. उस्तादांनी यार्डात चुन्यानं वर्तुळं आखून दाखवलं. किंगपिन १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत राहिली आणि ट्रेलरचा मधला एक्सल तिच्या ८ मीटर मागे असला, तर तो एक्सल साधारण ९ मीटरच्या वर्तुळावर फिरतो. म्हणजे ३ मीटर आत. त्या ३ मीटरांत एखादा सायकलवाला उभा असू शकतो. म्हणून ट्रेलर वळताना आधी बाहेरच्या बाजूला जातो. हे बघून लोकांना वाटतं ड्रायव्हर जागा अडवतोय. तो आतल्या बाजूच्या माणसाला वाचवत असतो. ट्रेलरच्या आणि फुटपाथच्या मधे कृपा करून कुणी शिरू नये. वळताना आतल्या बाजूचा आरसा ट्रेलरचं नुसतं अंग दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही.

पाचवा आठवडा वजनाचा. इथं मला वही घ्यायला लावली. ट्रेलरमध्ये २४ टन माल आहे, किंगपिनपासून मागच्या एक्सलांच्या मध्यापर्यंत ८ मीटर, आणि मालाचा भार किंगपिनपासून ५ मीटर मागे एकवटलाय असं धरा. मग किंगपिनवर, म्हणजे घोड्याच्या पाठीवर ९ टन येतात आणि ट्रेलरच्या एक्सलांवर १५. आता तोच माल १ मीटर पुढे सरकवा. घोड्यावर १२, मागे १२. माल एक ग्रॅमनं वाढला नाही, पण घोड्याच्या पाठीवर ३ टन चढले. एकूण वजन कायद्यात बसतं आणि एका एक्सलवरचं बसत नाही, असं वजनकाट्यावर होतं ते यामुळं. रस्ता एकूण वजनानं जेवढा तुटतो त्याहून जास्त एकेका एक्सलच्या भारानं तुटतो, म्हणून तीन एक्सल लावून ते वाटून द्यायचं. काही घोड्यांची थाळी रुळावर पुढे-मागे सरकते, काही ट्रेलरचे एक्सल सरकवता येतात. थोडी दुरुस्ती त्यानं होते. खरी दुरुस्ती माल भरतानाच.

माल उतरवतानाही हा हिशेब सुटत नाही. तीन ठिकाणी उतरवायचा असेल आणि पुढचा माल आधी गेला, तर उरलेलं ओझं मागे राहतं, घोड्याच्या चालत्या चाकांवर, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं त्यांच्यावर, दाब कमी होतो, आणि ओल्या चढावर ती जागच्या जागी फिरतात. त्याच्या उलट, घोडा सोडलेला ट्रेलर नुसत्या पायांवर उभा असताना मागचा माल काढून झाला आणि फोर्कलिफ्ट माल उचलायला अगदी नाकाशी गेली, तर ट्रेलर नाकावर उलटू शकतो. पाय नाकाच्या टोकाला नसतात, बरेच मागे असतात. म्हणून आमच्याकडे अशा ट्रेलरच्या नाकाखाली वेगळा आधार लावल्याशिवाय फोर्कलिफ्ट आत जात नाही.

टँकर, थंड पेटीचा ट्रेलर, लो-बेड, पडद्याचा ट्रेलर या सगळ्यांची ओळख त्याच आठवड्यात झाली. त्यातला टँकर तेवढा लक्षात राहिला. पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला जास्त त्रास देतो, कारण आतल्या द्रवाला हलायला जागा असते. ब्रेक लावून गाडी थांबल्यावर क्षणभरानं आतली लाट पुढे येऊन पाठीत धक्का देते.

रिकाम्या ट्रेलरबद्दलही माझा समज चुकीचा होता. भरलेल्या गाडीची भीती वाटावी, रिकामीची कसली, असं मला वाटायचं. ब्रेक भरलेल्या वजनाच्या हिशेबानं बनवलेले असतात. रिकाम्या ट्रेलरला तेवढा जोर लागला तर चाकं चटकन जखडतात आणि घसरतात. एबीएस यासाठीच आहे. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी घेऊन उतरताना इंजिन ब्रेक जोरात लावला, तर घोड्याची चालती चाकं घसरतात आणि मागचा ट्रेलर घोड्याला आडवा ढकलतो. वाराही रिकाम्या ट्रेलरलाच जास्त लोटतो. उस्ताद म्हणायचे, रिकामी गाडी जास्त डोळ्यांत तेल घालून चालव.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यापासून होता. लांब गाडीच हवी तर लांब ट्रक बनवावा. त्याचं एक उत्तर वळणात आहे: तेवढ्याच लांबीचा एकसंध ट्रक त्या वळणातून निघणारच नाही, सांधा असलेली गाडी निघते. पण मोठं उत्तर मला माझ्या जुन्या अकरा वर्षांत सापडलं. मी गोदामाच्या दारात सहा-सहा, आठ-आठ तास बसून काढलेत. माल उतरेपर्यंत इंजिन बंद, मी बंद, गाडी बंद. ट्रेलरला ते नाही. माल भरलेला ट्रेलर धक्क्याला लावायचा, घोडा सोडवायचा, शेजारी तयार उभा असलेला दुसरा ट्रेलर लावायचा आणि निघायचं. एका घोड्यामागे तीन ट्रेलर असले तर एक भरतोय, एक रस्त्यावर, एक रिकामा होतोय. ज्या भागात इंजिन आणि माणूस आहे, तो भाग थांबत नाही. ज्याला थांबावं लागतं त्या भागात इंजिन नाही. अर्ध्या गाडीचं सगळं सामर्थ्य या सुटण्यात आहे.

पुढे मी याचा इतिहास शोधून वाचला आणि तो मला फार जवळचा वाटला. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईटमधल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी तळ्यावर न्यायची होती. तो ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहार आणि घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराकडे गेला. फ्रुहॉफनं त्याच्या फोर्ड मोटारीला मागे जोडायची दोन चाकांची गाडी करून दिली. ती इतकी कामाची निघाली की व्यापाऱ्यानं लाकूड वाहायला तशाच आणखी गाड्या बनवून घेतल्या. फ्रुहॉफनं तिला सेमी-ट्रेलर म्हटलं, आणि पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी उभी राहिली.

दुसरा माणूस माल्कम मॅक्लीन. हा तर ट्रकवालाच. ट्रेलरचा हौदा चाकांवरून सुटा करून तेवढाच जहाजावर चढवावा, ही कल्पना त्यानं प्रत्यक्षात आणली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. आजचे कंटेनर तिथून पुढचे. चार कोपऱ्यांना ओतीव पोलादाची भोकं, ट्रेलरवर त्याच जागी चार ट्विस्ट लॉक, मूठ फिरवली की कंटेनर पक्का. ४० फुटी कंटेनर जगाच्या कुठल्याही बंदरात उतरला तरी त्याच्या कोपऱ्यांचं अंतर तेच असतं, म्हणून माझा ट्रेलर त्याला चालतो. सुटं करता येणं हीच कल्पना त्या माणसानं आणखी एक पायरी पुढे नेली. घोड्यापासून ट्रेलर सुटतो, ट्रेलरपासून पेटी सुटते. माल मात्र एकदा आत बंद झाला की पोहोचेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मी हमालांबरोबर पोती मोजत काढलेल्या रात्री आठवतात तेव्हा यात किती श्रम वाचले ते मला वाचून कळायची गरज पडत नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी उस्तादांनी मला एक ट्रेलर सोडून दुसरा जोडायला लावला आणि स्वतः लांब उभे राहिले. सोडताना मी पायाखाली जाड फळ्या टाकल्या. उन्हानं मऊ झालेल्या डांबरात भरलेल्या ट्रेलरचे पाय रुततात. पाय टेकवले, पाइप काढून जागेवर अडकवले, जबड्याचा दांडा ओढला, आणि घोडा फूटभर पुढे घेऊन थांबलो. चेसिस अजून नाकाखालीच होती. पाय ओझं पेलताहेत ना, हे बघून मगच पूर्ण बाहेर आलो. त्यांनी असं थांबायला मला कधी सांगितलं नव्हतं. ते लांबूनच मान हलवून निघून गेले.

पहिली एकट्याची फेरी रात्रीची होती. अर्ध्या वाटेवरच्या तळावर मी माझा ट्रेलर सोडायचा, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरनं त्याचा सोडायचा, दोघांनी अदलाबदल करून आपापल्या घरी परतायचं. माल पुढे जातो, माणसं सकाळी घरी असतात. मी पोहोचलो तेव्हा तो आधीच येऊन थांबला होता. वयानं माझ्याहून मोठा, हातात थर्मास. माझ्या ट्रेलरचा मधल्या एक्सलचा डावा आतला टायर थोडा कमी आहे, हे मी त्याला सांगितलं. त्यानं त्याच्या ट्रेलरच्या पायाचं हँडल जड फिरतं हे सांगितलं.

मी त्याचा ट्रेलर माझ्या घोड्याला जोडला. खट्ट झालं, ओढून बघितलं, खाली शिरलो. ग्रीसच्या वासात, टॉर्चच्या उजेडात जबडा दिसला, दोन्ही बाजूंनी मिटलेला, मधे २ इंचांची ती मान. पत्र्याला फट नाही. बाहेर आलो तर तो त्याच्या घोड्याखालून डोकावून मला हाक मारत होता. त्याच्या टॉर्चचा सेल संपला होता. मी त्याच्याकडे गेलो, गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या खाचेत उजेड धरला. तो पाठीवर सरकत आत गेला, क्षणभर शांत होता.

"अजून जरा डावीकडे," तो म्हणाला. मी टॉर्च सरकवली.

"धरली."